थोरलीले विचारा लागन

ते गृहस्थ आमचे घरमालक होते की आमच्याकडे आलेले पाहुणे, हे वर्ध्याच्या त्या मुक्कामात मला कळलं नाही आणि आजही नीटसं सांगता येत नाही. घर त्यांचं होतं, एवढं नक्की. बांधलं त्यांनी, दुसरी किल्ली त्यांच्या खिशात, चादरी बदलायलाही तेच यायचे. पण यायचे ते दार वाजवून. चपला बाहेर भिंतीशी जोडीनं काढायचे आणि सोफा रिकामा असला तरी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, तेही अगदी कडेला, बसायचे. पाणी पुढं केलं की आधी नको म्हणायचे. चहा दिला की म्हणायचे, "काऊन तरास घेतला?" आणि उठताना मलाच सांगायचे, "बरं माय, निघतो. बापानं लेकीच्या घरी लय वेळ बसू नाई."

ही लेक म्हणजे मी नव्हे, एवढं मला समजत होतं. मग कोण, ते समजत नव्हतं.

आम्ही वर्ध्याला गेलो तेही जरा विचित्रच होतं. माझ्या नवऱ्याला एक खोड आहे. लोक जिथं फिरायला जातात तिथं त्याला जायचं नसतं. एखादं साधं, नांदतं शहर निवडायचं, हॉटेलात न उतरता स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं, तिथली भाजी आणायची, तिथल्या लोकांसारखं संध्याकाळी रस्त्यानं हिंडायचं, ही त्याची सुट्टी. कोल्हापुरात आमच्या शेजाऱ्यांना सांगितलं की वर्ध्याला निघालोय, तर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कोण आजारी आहे?"

घर फोनवरच शोधलं होतं. 'सर्व्हिस अपार्टमेंट, कुटुंबासाठी, दोन खोल्या, गॅस, गीझर.' स्टेशनवर उतरून मी दिलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडून आवाज आला, "जयभीम, बोला. या, या. मी थोरलीकडेच येऊन राह्यलो."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, "घर गेलं. ते स्वतःच तिथं येऊन राहिलेत."

रिक्षात बसून आम्ही दोघं वाद घालत होतो, दुसरं कुठं जायचं यावर. तेव्हा रिक्षावाल्यानं मागं वळून समजावलं, "येऊन राह्यलो म्हंजे येत आहेत हो मॅडम. चालत चालत येत असतीन." आणि खरंच, सेवाग्रामच्या रस्त्याला लागल्यावर एका तीन मजली इमारतीच्या फाटकाशी आम्ही उतरलो, तेव्हा ते जिन्यानं खाली येत होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या सदऱ्यावर हातानं विणलेला स्वेटर. हातात पपई. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाले, "या जवाईबापू. प्रवास झाला ना बरा?"

नवऱ्याला हे फार आवडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या वडिलांनी त्याला कधी इतक्या मानानं हाक मारली नव्हती.

इमारतीत प्रत्येक मजल्यावर एकच घर. दारांवर नावांऐवजी रंगानं लिहिलेलं: तळाला 'थोरली', त्यावर 'मधला', सगळ्यात वर 'धाकटा'. आम्हाला थोरलीचं मिळालं. आत गेल्यावर भिंतीवर बुद्धाची तसबीर, एका कोनाड्यात रिकामी फुलदाणी, पलंगावर कडक इस्त्रीच्या चादरी. सर्व्हिस अपार्टमेंट म्हणून नवऱ्यानं विचारलं, सर्व्हिसला कोण असतं? ते म्हणाले, "सर्विस म्हंजे मीच."

थंडी चांगलीच होती आणि गीझर चालत नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "थोरलीले विचारा लागन."

"कुणाला?"

"थोरलीले. घर तिचं हाये ना."

ते बाहेर जाऊन जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे राहिले. समोर कडुनिंबाचं झाड होतं, त्याच्याकडे बघत. फोन काढला नाही, हाक मारली नाही. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, "हौ म्हनते. सकायी मिस्त्री येईन." आणि मिस्त्री आलाही.

दुसऱ्या दिवशी मी जास्तीची एक गादी मागितली. पुन्हा तेच. कठडा, कडुनिंब. परत आले ते चेहरा पाडून. "नाई म्हनते. लय समजावलं म्या तिले."

नवरा म्हणाला, "हे एक तर आपली थट्टा करतायत, नाही तर यांचं डोकं ठिकाणावर नाही." मला दोन्ही पटेना. थट्टा करणारा माणूस एवढा ओशाळत नाही. आणि डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं मिस्त्रीला फिटिंगची चूक इतकी बरोबर दाखवली नसती.

उलगडा केला तो मधल्याकडे उतरलेल्या माणसानं. तो अल्लीपूरचा शेतकरी होता. त्याची आई दवाखान्यात भरती होती आणि तो बायकोसह तिथं राहून, डबा करून नेत असे. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी त्याला विचारलं, "थोरली कुठं असते हो?"

"पुन्याले. कंपनीत हाये म्हंते."

"आणि मधला?"

"तो दुबईले. धाकटा बंगलोरले. इथं कोनीच नाई ना बाई." मग तो हसला. "तुमच्याकडं लाजत असतीन ते. आमच्याकडं येते तं सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. टीव्ही लावाले सांगते. माही बायको म्हने, हे काऊन असे? तं म्हनाले, पोराच्या घरी लाजाचं काय, माह्या हक्काचं हाये."

"आणि स्वतः राहतात कुठं?"

"पाळीनं राह्यते. या महिन्यात धाकट्याकडं. पुढच्या महिन्यात थोरलीकडं, जर पाहुने नसले तं."

मी तो ओला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिले. मुलांकडे पाळीपाळीनं राहणारे म्हातारे आईबाप मी पुष्कळ पाहिलेत. पण मुलं नसलेल्या घरांत पाळीनं राहणारा बाप मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दिवशी आम्ही केळझरला गणपतीच्या दर्शनाला जाऊन आलो. परतल्यावर ते फाटकाशीच भेटले आणि मी सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. आमच्याबरोबर चालत रस्त्याच्या टोकापर्यंत आले आणि सगळं सांगितलं.

नोकरी मोजणी खात्यात होती. आयुष्यभर शेतांच्या हद्दी मोजल्या. "सख्खे भाऊ, माय. एका ताटात जेवलेले. बांधावर काठ्या घेऊन उभे राह्यचे, अन् मधात साखळी घेऊन मी. हातभर जागेसाठी एकानं दुसऱ्याचं डोस्कं फोडलेलं पाह्यलं म्या. तवाच ठरोलं, माह्या लेकरायले भांडाले जागाच ठेवाची नाई." म्हणून निवृत्तीनंतर हा प्लॉट घेतला आणि तीन घरं बांधली, एकावर एक, सारखी. मोजणी स्वतः केली. खिडकीवर खिडकी, ओट्यावर ओटा. लेकीलाही मुलांइतकंच.

"मग भांडले नाहीत ना?" नवऱ्यानं विचारलं.

"नाई ना. आलंच नाई कोनी." ते हसले, आणि ते हसणं कडू होतं की खरंच गमतीचं, मला ओळखता आलं नाही. "बुढी होती तवर आमी धाकट्याकडंच राह्यचो. ती गेली, मंग मले एका ठिकानी गमे ना. बाकीचे म्हातारे राह्यतेत ना पाळीनं? तसा मी बी."

"पण काका, मुलं इथं नाहीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "घरं तं हायेत," ते म्हणाले.

घरं रिकामी ठेवली की दारं फुगतात, नळ गंजतात, म्हणून माणसं ठेवायची, असं त्यांचं म्हणणं होतं. दवाखान्यामुळे माणसांची वाण नव्हती. मुलांना हे ठाऊक आहे का, असं मी विचारल्यावर मात्र ते रस्त्यावरच्या एका कुत्र्याला हाकलायला लागले.

त्यानंतरच्या दुपारची गोष्ट. नवरा वामकुक्षी घेत होता आणि मी बाहेरच्या खोलीत केस मोकळे सोडून संत्री सोलत बसले होते. दाराच्या कुलपात किल्ली फिरली. मला वाटलं काकाच, पण ते कधी किल्लीनं येत नसत. दार उघडलं आणि दोन मोठ्या बॅगा आधी आत आल्या, त्यांच्यामागून माझ्याच वयाची एक बाई. जीन्स, लांब कुर्ता, प्रवासानं थकलेला चेहरा.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"तुम्ही कोण?" मीही विचारलं.

"हे माझं घर आहे."

माझ्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. "थोरली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं? आणि तुम्ही इथं काय करताय?"

"आम्ही हे घर घेतलंय. म्हणजे भाड्यानं, थोड्या दिवसांसाठी. तुम्हाला विचारलं होतं ना त्यांनी? गीझरचं तरी विचारलं होतं."

"मला? कसला गीझर?"

इतका गोंधळ झाला की नवरा आतून उठून आला आणि त्यानं तिला नमस्कार करून "या, बसा" म्हटलं. तिच्याच घरात. ती खरंच बसली, सोफ्यावर नाही, एका बॅगेवर. तिचा समज असा होता की बाबा धाकट्याच्या घरात राहतात आणि बाकीची दोन्ही घरं कुलूपबंद आहेत. आम्हाला त्यांच्या मुलांबद्दल सगळं ठाऊक होतं. मुलांना आमच्याबद्दल काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

आवाज ऐकून काका खाली आले. दार सताड उघडं होतं तरी त्यांनी ते वाजवलं. मग ती दिसली. त्यांचा हात दारावर तसाच राहिला.

"माय," ते मला म्हणाले, "ही माही पोरगी."

"बाबा," ती म्हणाली.

"फोन काऊन नाई केला? आज तं जागा नाई. मधल्याकडं अल्लीपूरवाले हायेत. धाकट्याकडं मी आहो."

"जागा नाही? बाबा, हे माझं घर आहे ना?"

"घर तुहंच हाये. पन पाहुने हायेत ना तुह्याकडं." मग अगदी रोजच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "किती दिवस हाये?"

तिनं बॅगेचा पट्टा सोडून पुन्हा लावला. मग म्हणाली, "मी परत नाही जाणार, बाबा. राहायलाच आले."

त्यांनी मान हलवली. आणि म्हणाले, "बरं. आधार कार्डाची कॉपी लागन."

नवऱ्याला हसू फुटलं. मग त्यानं आमच्या तिघांचे चेहरे पाहिले आणि ते आवरलं. काकांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. ते वळले आणि जिना चढून गेले. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत.

आम्ही बॅगा भरायला घेतल्या. तिनं भरू दिल्या नाहीत. "तुम्ही कुठं जाणार या वेळी? आतली खोली मी घेते, बाहेरची तुम्ही." असं आम्ही तिघं त्या घरात राहिलो आणि तिथला पाहुणा कोण, हे मला पुन्हा एकदा समजेनासं झालं. कुकर लावताना ती मला मीठ कुठं आहे ते विचारत होती.

तिनंच मग सांगितलं. बरीच वर्षं संसार झाला होता. भांडण असं नव्हतं, एके दिवशी दोघांनी ठरवलं आणि संपवलं. मूल नव्हतं. नोकरी घरून करता येत होती. "बाबांना सांगायचं कसं हे मला येत नव्हतं. म्हटलं, सांगू की तुम्ही एकटे आहात म्हणून तुमच्यासाठी आले. सगळ्या प्रवासात तेच घोकत होते." ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांचं काही सांगता येत नाही. "इथं पाहते तर बाबांच्या तिन्ही घरांत माणसं. मीच एकटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं दार वाजलं. तिनं उघडलं. बाहेर काका, हातात पेरू. ते आत येईनात.

"बाई हायेत का?" त्यांनी लेकीला विचारलं. बाई म्हणजे मी.

मी पुढं झाले. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि माझ्याकडे बघत बोलू लागले. "तिनं चहा घेतला का?"

ती समोरच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "घेतला म्हणावं."

"घेतला," मी म्हटलं.

"झोप झाली का तिची?"

"झाली म्हणावं."

असं बराच वेळ चाललं. थोरलीकडे वर्षानुवर्षं पाहुणा म्हणून येणाऱ्या या माणसाला खऱ्या थोरलीशी कसं बोलावं हे सुचत नव्हतं, आणि तिलाही. मी मध्ये उभी राहून इकडचं वाक्य तिकडे देत होते. शेवटी ते उठले, जिन्याकडे गेले आणि परत आले. या वेळी मात्र कठड्याशी थांबले नाहीत. हात जोडून नवऱ्याला म्हणाले, "जवाईबापू, एक विनंती होती. अल्लीपूरवाल्याच्या मायले काल दवाखान्यातून सुट्टी भेटली, ते आज गावी चालले. मधल्याचं घर खाली होते. तुमी तिकडं गेले तं बरं होईन. थोरलीले तिचं घर पायजे."

"मीच जाते की मधल्याकडे," ती पटकन म्हणाली. "यांना कशाला हलवता?"

ते पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले, आणि आवाज चढवून बोलले. "त्याच्या हिश्श्यात तुले कशी ठेवू? उद्या तो आला तं काय म्हनन?"

"तो येणार नाहीये, बाबा!"

"तू बी नव्हती येनार!"

आम्ही आमच्या बॅगा उचलल्या आणि मुकाट्यानं वर गेलो. अल्लीपूरवाल्यांचं सामान जिन्यात होतं, त्या शेतकऱ्याची आई चटईवर बसून सगळं कौतुकानं ऐकत होती. खालचा आवाज वाढतच गेला. पुण्यात राहून तिची भाषा अगदी सपाट झालेली होती, पण भांडता भांडता ती बदलत गेली.

"कोना कोनाले ठेवलं माह्या घरात? मले एका शब्दानं नाई सांगितलं?"

"तुले घराचं काय पडलं होतं? कधी विचारलं?"

"आई गेली तवा पंधरा दिवस इथंच होती मी. तुम्ही म्हनाले का एकदा बी, राह्य म्हनून? गाडीचं तिकीट तुम्हीच काढून आनलं."

"तुही नोकरी होती."

"तुम्ही विचारलं नाई, बाबा."

"मी तं रोज विचारत होतो!" काका ओरडले. "गॅस बदलाचा असला तरी विचारत होतो! तू तं तिथं होती!"

त्यावर ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नवऱ्यानं विचारलं, "जाऊन मध्ये पडू का?" मी नको म्हटलं. सकाळभर मध्ये पडून माझं डोकं भणभणत होतं.

पुढचे दोन दिवस आम्ही मधल्याकडे काढले. काका आमच्याकडे आले नाहीत. ती एकदा येऊन डब्यात कोशिंबीर देऊन गेली. खालून भांड्यांचा आवाज येत होता. टीव्हीचाही. तो कोण पाहत होतं, कळायला मार्ग नव्हता.

निघायच्या दिवशी काका स्टेशनपर्यंत रिक्षातून आमच्याबरोबर आले. नको म्हटलं तरी आले. गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसल्यावर मी विचारलं, "कसं चाललंय?"

"काई समजून नाई राह्यलं माय मले." त्यांनी स्वेटरच्या बाह्या ओढल्या. "काल सकायी वरती आली अन् म्हने, बाबा, भाजी कायची करू? आता मी काय सांगू? बुढी गेल्यापासून कोनी विचारलं नाई मले. मी आपलं जे दिसन ते करून खातो."

"मग?"

"उभाच राह्यलो. ती बी उभी. मंग म्या म्हनलं, वांगे कर. लहान होती तवा वांग्याले हात नव्हती लावत. ताट ढकलून दे. माह्या ध्यानातच नाई राह्यलं. बोलून गेलो अन् मंग आठवलं. पन ती तं पिशवी घेऊन बाजारात गेलती."

"केली का मग?"

"केली ना. माह्या समोर बसून स्वतः बी खाल्ली."

"कशी झाली होती?"

त्यांनी रुळांकडे पाहिलं. गाडीची घोषणा व्हायला लागली होती आणि नवरा बॅगा उचलत होता.

"लय खारट," ते म्हणाले. "दोनदा वाढून घेतली."